हळदीच्या पेठेतली कावीळ: एका प्रकरणाचा अभ्यास

सांगलीत हळदीवर संशय घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही, आणि त्याला कारण आहे. हरिपूरच्या पेवांपासून (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांपासून) मार्केट यार्डातल्या सौद्यांपर्यंत इथली पेठ हळदीवर उभी राहिली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. लग्नात, जखमेवर, घसा धरला की दुधात, सगळीकडे तीच. अशा गावात "हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आली" हे रुग्णाच्या घरच्यांना पटवून देणं अवघड जातं. म्हणूनच हे प्रकरण इथलं निवडलं आहे.

ही हकिगत कोणा एका व्यक्तीची नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारा घटनाक्रम एकत्र करून ती रचली आहे. रक्ताचे आकडे या आजारात प्रत्यक्ष दिसतात त्या पल्ल्यातले घेतले आहेत. संशोधनाची वर्षं आणि निष्कर्ष मात्र जसेच्या तसे आहेत.

काय घडलं

काकूंचं वय ५४, वजन ६० किलो, घर हळदीच्या व्यापारातलं. दारू नाही, तंबाखू नाही, मधुमेह नाही. थायरॉईड कमी असल्यामुळे बऱ्याच वर्षांपासून रोज सकाळी उपाशीपोटी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त.

जानेवारीत, झोप लागत नाही म्हणून त्यांनी अश्वगंधाच्या मुळाच्या अर्काची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रात्री घ्यायला सुरुवात केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात कवठे महांकाळच्या बहिणीने मोबाइलवरून हळदीच्या कॅप्सूल मागवल्या, एक बाटली स्वतःला आणि एक काकूंना. सकाळी एक, संध्याकाळी एक. महिन्याभरात गुडघ्यांना खरंच उतार पडला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आराम पडला नसता तर बाटली दुसऱ्या महिन्यात आपोआप बंद झाली असती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अंग जड वाटू लागलं, जेवणावरची वासना गेली, मळमळ सुरू झाली. पित्त झालं असं समजून काकूंनी गुळवेलीचा काढा घ्यायला सुरुवात केली. कॅप्सूल चालूच होत्या. पाचव्या दिवशी लघवी गर्द झाली आणि डोळे पिवळे दिसले.

नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काकू, गोळ्या कोणत्या चालू आहेत?" उत्तर आलं, "थायरॉईडची तेवढी एक." पावसाळ्याचे दिवस, कृष्णेचं पाणी गढूळ, आजूबाजूला पोटाच्या तक्रारी. डॉक्टरांना दूषित पाण्यातून होणारी कावीळ वाटली आणि तसं वाटणं बरोबरच होतं. त्या दिवसांत तीच सर्वांत संभवनीय होती. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट असा आला: बिलिरुबिन ७.८ (नेहमीची वरची मर्यादा साधारण १.२), एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढतं ते) ११४० (मर्यादा ४०), त्याच्याच जोडीचं एसजीओटी ८९०, अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त तुंबलं की वाढतं ते) १६८ (मर्यादा १२०), अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) ३.९, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) १.३. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा नाही, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत.

दोन दिवसांनी विषाणूंचे रिपोर्ट निर्दोष आले तेव्हा डॉक्टरांनी प्रश्न बदलला. "काकू, उद्या येताना पिशवी आणा. कपाटात, फ्रिजवर, उशाशी, देवघराच्या फळीवर, जिथे कुठे बाटली, पुडी, काढा असेल ते सगळं पिशवीत घाला. औषध आहे की नाही ते मी ठरवतो." दुसऱ्या दिवशी पिशवीतून हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा, गुळवेलीची पुडी आणि इसबगोलाचा डबा निघाला. "अहो डॉक्टर, हे औषध कुठलं? हळद आहे की ही," काकू म्हणाल्या.

चिमूट आणि कॅप्सूल

त्या बाटलीवर जे छापलं होतं ते असं: प्रत्येक कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात कर्क्युमिनॉइड्स (हळदीतल्या पिवळ्या कर्क्युमिनच्या गटाची द्रव्यं) ९५ टक्के, सोबत काळ्या मिरीतलं पायपरिन ५ मिलिग्रॅम.

आता हिशेब करू. दळलेल्या हळदीत कर्क्युमिन ढोबळ मानाने ३ टक्के धरता येतं. जात आणि जमीन यांप्रमाणे ते २ ते ५ टक्क्यांपर्यंत बदलतं. घरात माणशी दिवसाला २ ग्रॅम हळद पोटात जाते असं धरलं, तर कर्क्युमिन झालं ६० मिलिग्रॅम. दोन कॅप्सूलमधून काकूंना मिळत होतं ९५० मिलिग्रॅम, म्हणजे स्वयंपाकातल्याच्या जवळजवळ सोळा पट. एवढं कर्क्युमिन हळदपुडीतून घ्यायचं तर रोज ३० ग्रॅमहून जास्त, म्हणजे दहा चहाचे चमचे हळद खावी लागेल. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नातला रंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. ६० किलोला ती १८० मिलिग्रॅम होते. या मर्यादेत मोठी सुरक्षित फट ठेवलेली असते, ती ओलांडली की लगेच विषबाधा होते असं नाही. तरी पाचपटीहून जास्त मात्रा रोज, महिनोन् महिने घेणं म्हणजे अन्नाच्या हद्दीबाहेर जाणं आहे.

यापेक्षा मोठी गोष्ट पायपरिनची. कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर रक्तात फार थोडं पोहोचतं. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला एक रेणू जोडला जातो आणि ते बाहेर टाकलं जातं. पायपरिन हीच जोडणी अडवतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांच्या रक्तातली उपलब्धता वीस पटींपर्यंत वाढलेली दिसली. जाहिरातीत हाच आकडा "२००० टक्के अधिक शोषण" म्हणून अभिमानाने छापतात. शोषण वाढलं म्हणजे यकृतासमोर येणारा साठाही वाढला, हे त्याच ओळीत छापायला हवं. पायपरिन इतर औषधांचीही वाट अडवतं. फिट्सची फेनिटॉइन, रक्तदाबाची प्रोप्रानोलॉल, दम्याची थिओफायलिन यांची रक्तातली पातळी त्याने वाढल्याचं दाखवलं गेलं आहे.

म्हणून काकूंचं "हळद आहे की ही" हे वाक्य रसायनाच्या हिशेबाने खरं नाही. हळकुंडातलं तेल, पिष्ट, तंतू, सगळं काढून टाकलेला, एकाच गटाच्या द्रव्याचा जवळजवळ शुद्ध साठा त्या कॅप्सूलमध्ये होता, आणि शरीराने त्याविरुद्ध उभं केलेलं दार पायपरिनने उघडून ठेवलं होतं.

असं कितीदा होतं? कॅप्सूल घेणाऱ्या बहुतेकांना काहीच होत नाही. हा त्रास मात्रेपेक्षा माणसाच्या घडणीवर जास्त अवलंबून असतो. औषधाने होणाऱ्या यकृतविकारांचा मागोवा घेणाऱ्या अमेरिकन जाळ्याने २०२२ मध्ये हळदीमुळे यकृत बिघडलेल्या १० रुग्णांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. सगळे २०११ नंतरचे. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ ही एकच जनुकीय खूण सापडली. इटलीत २०१९ मध्ये अशा घटनांचा गट आढळला, ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये इशारा दिला. नोंदवलेल्या बहुतेक घटनांत कॅप्सूल सुरू केल्यापासून एक ते चार महिन्यांत त्रास सुरू झालेला दिसतो. काकूंचा काळ नऊ-दहा आठवड्यांचा होता.

आधी बाकीचे संशयित

वनस्पतीवर बोट ठेवण्याची घाई करू नये. आपल्याकडे पावसाळ्यात कावीळ झालेल्या मोठ्या माणसात हिपॅटायटिस ई न तपासता "काढ्याने झालं" म्हणणं ही चूक आहे, जशी पिशवी न पाहता "पाण्याने झालं" म्हणणं चूक आहे. काकूंचे हिपॅटायटिस ए आणि ई चे आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी प्रतिपिंडं), बी चा पृष्ठभागी अँटिजेन, सी चा आरएनए, शिवाय सीएमव्ही, ईबीव्ही, हर्पीस हे यकृताला सूज आणू शकणारे इतर विषाणू, सगळं निगेटिव्ह. पुराच्या पाण्यात पाय घातलेल्या माणसात ताप आणि पोटऱ्यांची दुखी असेल तर लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करावा लागतो. काकूंना ताप नव्हता.

थायरॉईडचा आजार बहुधा शरीराच्या स्वतःवरच उठलेल्या प्रतिकारातून होतो, त्यामुळे तशीच यकृताची सूज आहे का हे पाहणं भाग होतं. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) १:८० म्हणजे क्षीण, आयजीजी (अशा आजारात वाढणारी प्रतिपिंडं) १४५० म्हणजे नेहमीच्या मर्यादेत. एवढ्यावर स्टेरॉइड सुरू करण्यात अर्थ नव्हता. कॅप्सूल बंद करूनही सूज उतरली नसती तर यकृताचा तुकडा तपासावा लागला असता.

इजेचा प्रकार एका साध्या भागाकाराने कळतो. एसजीपीटी मर्यादेच्या किती पट, भागिले अल्कलाइन फॉस्फेटेज मर्यादेच्या किती पट. इथे २८.५ भागिले १.४, म्हणजे २० च्या वर. पाचहून जास्त आलं की मार यकृताच्या पेशींवर, दोनहून कमी आलं की पित्त तुंबण्यावर. हळदीच्या अर्काच्या घटनांत पेशींवरचा मार जास्त दिसतो. अश्वगंधाच्या घटनांत पित्त तुंबणं, आठवडे टिकणारी कावीळ आणि जिवाचा संताप करणारी खाज जास्त दिसते. काकूंना खाज नव्हती. कल हळदीकडे झुकला, पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही.

दोन बाटल्यांची किंमत

औषधाचा आणि इजेचा संबंध किती पक्का, हे ठरवायला रुकाम नावाची गुणपद्धती वापरतात. हळदीच्या कॅप्सूलसाठी काकूंचे गुण असे पडले. सुरुवात ५ ते ९० दिवसांत, म्हणून २. बंद केल्यावर मर्यादेवरचा एसजीपीटी ३० दिवसांत निम्म्याहून खाली, म्हणून आणखी २. वय ५५ च्या आत आणि दारू नाही, म्हणून ०. इतर कारणं वगळली, म्हणून २. या द्रव्याने असं होतं हे प्रसिद्ध आहे पण बाटलीवर छापलेलं नाही, म्हणून १. बेरीज ७. सहा ते आठ गुण म्हणजे "बहुधा हेच".

पण सोबत अश्वगंधा चालू होती, आणि तीही यकृताला बाधल्याच्या नोंदी आहेत. आइसलंड आणि अमेरिकेतल्या रुग्णांची मालिका आली, भारतातूनही आल्या, डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली. त्यामुळे सोबतच्या संशयिताचे २ गुण वजा होतात. उरले ५, म्हणजे "शक्य आहे" एवढंच. अश्वगंधाचे गुण मोजले तर ती जानेवारीपासून चालू असल्याने सुरुवातीचा १, बाकी तसेच, बेरीज ४. दोघीही "शक्य".

म्हणजे दोन बाटल्या एकाच वेळी चालू असल्यामुळे दोषी कोण हे निश्चित सांगण्याची सोय गेली. परिणामी काकूंना आयुष्यभर दोन्ही टाळाव्या लागतील, जरी त्यातली एक कदाचित निर्दोष असेल. पुन्हा एकेक देऊन पाहणं हा मार्ग नाही; दुसऱ्यांदा होणारी सूज पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त जोराने येऊ शकते. ज्यांना काही घ्यायचंच आहे त्यांनी एका वेळी एकच सुरू करावं आणि सुरू केल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहावी. आम्हाला या सगळ्यातला हा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी पाळला जाणारा सल्ला वाटतो.

गुळवेलीचं काय? काढा सुरू होण्याआधी मळमळ होती, त्यामुळे मूळ कारण ती नाही. पण थायरॉईडच्या रुग्णाने आजारात ती घ्यायला नको होती. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत स्वतःवर उठलेल्या प्रतिकारासारखी यकृताची सूज नोंदवली, आणि २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल. बाजारात जाती मिसळतात हे खरं आहे. पण पुडी हातात घेणाऱ्या माणसाला ती जात ओळखता येत नाही, त्यामुळे त्याच्यापुरता धोका तेवढाच राहतो.

पहिले चार आठवडे

एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीहून जास्त आणि त्यासोबत बिलिरुबिन दुपटीहून जास्त, अशी औषधजन्य कावीळ असेल तर दहातल्या एखाद्या रुग्णाचं यकृत निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून काकूंना "घरी विश्रांती घ्या, ऊसाचा रस प्या" एवढ्यावर सोडलं नाही.

पिशवी आली त्याच दिवशी कॅप्सूल, अश्वगंधा, काढा बंद. थायरॉईडची गोळी चालू. डोकं दुखलं तरी न विचारता पॅरासिटामॉल नाही, गुडघ्याला वेदनाशामक नाही. आठवड्यातून दोनदा बिलिरुबिन, एसजीपीटी आणि आयएनआर. या तिघांत नजर ठेवायची ती आयएनआरवर. एसजीपीटी पेशी फुटल्याचं सांगतो. यकृत काम करतंय की नाही हे रक्त गोठण्यावरून कळतं. एसजीपीटी झपाट्याने उतरतोय आणि आयएनआर चढतोय, ही उतरण चांगली नसते, फुटायला पेशीच उरलेल्या नसतात.

घरच्यांना लेखी दिलेल्या सूचना: आयएनआर १.५ च्या वर गेला, दिवसा झोप आणि रात्री जाग असं उलटं चक्र सुरू झालं, बोलण्यात गोंधळ आला, हात पुढे केल्यावर पंजे फडफडले, उलटी थांबेना किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर वाट न पाहता मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं. यकृततज्ज्ञ आणि प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राशी फोनवर बोलणं त्याआधीच झालेलं असावं.

चौथ्या दिवशी बिलिरुबिन १०.६ झालं आणि घरात घबराट उडाली. सगळं बंद करूनही कावीळ वाढते कशी? पेशींना झालेली इजा थांबली तरी साठलेलं बिलिरुबिन उतरायला वेळ लागतो. पहिला आठवडाभर आकडा चढत राहणं नेहमीचं आहे. त्याच दिवशी आयएनआर १.४ होता आणि काकू शुद्धीवर, नीट बोलत होत्या.

नेमक्या याच दिवसांत शेजारून सल्ले येतात. कुणी गळ्यात घालायची माळ सुचवतं, कुणी नाकात थेंब टाकणाऱ्याकडे न्यायला सांगतं. माळेने नुकसान होत नाही, वेळ जातो. थेंबांचं तसं नाही. ते कडू दोडक्याच्या जातीतल्या फळाचे असतात आणि नाकातून पिवळं पाणी वाहू लागतं. बघणाऱ्याला कावीळ बाहेर पडल्यासारखी वाटते, पण ते भाजलेल्या त्वचेतून झिरपणारं पाणी आहे, त्यात पित्त नाही. रक्त नीट गोठत नसताना नाकाची आतली त्वचा भाजली तर रक्तस्राव सहज थांबत नाही. काकूंच्या दिराने असा माणूस घरी बोलावला होता. डॉक्टरांनी "आधी आयएनआर १.० होऊ द्या, मग बोलू" असं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

जेवण साधं, घरचं, पोटभर. तेल-तूप पूर्ण तोडायची गरज नव्हती. मळमळीमुळे जेवढं सोसेल तेवढं. भाजी-आमटीतली हळद बंद केली नाही. नोंदवलेल्या घटना अर्काशी किंवा रोज चमच्यांनी घेतलेल्या मात्रांशी जोडलेल्या आहेत, फोडणीतल्या चिमटीशी नाहीत. मिरपूड घातलेलं हळदीचं दूध मात्र थांबवलं.

आठव्या दिवशी एसजीपीटी ६९०, बिलिरुबिन ११.२. अठ्ठाविसाव्या दिवशी एसजीपीटी ९६, बिलिरुबिन २.४, आयएनआर १.०. अकराव्या आठवड्यात सगळे आकडे मर्यादेत.

थायरॉईडचा आकडा

पहिल्या रक्तातच टीएसएच (थायरॉईडचं संप्रेरक जास्त झालं की घसरणारा आकडा) ०.१८ आला होता. वर्षापूर्वी, याच गोळीवर, तो २.६ होता. पिशवी पाहिली नसती तर गोळीचा डोस ७५ वरून ५० वर आला असता. अश्वगंधा थायरॉईडचं संप्रेरक वाढवते असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे, शिवाय कोणत्याही मोठ्या आजारात टीएसएच तात्पुरता दबतो. म्हणून डोसला हात लावला नाही. आठ आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा ३.१ होता. घाईने डोस कमी केला असता तर नोव्हेंबरात काकू थकव्याची नवी तक्रार घेऊन आल्या असत्या आणि ती कोणत्या तरी तिसऱ्या बाटलीकडे गेली असती.

इसबगोल तेवढं परत दिलं, पण थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांच्या अंतराने, कारण ते गोळीला आतड्यात धरून ठेवतं. पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं. कमी पाण्यात ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं. वनस्पतीजन्य पूरकांमध्ये ज्यांचा फायदा नीट सिद्ध झाला आहे त्यांत इसबगोल अगदी वरचं आहे. बद्धकोष्ठाला उपयोगी, आणि नियमित घेतल्यास वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरवतं.

गुडघ्यांचं पुढे काय

काकूंना आराम पडला होता हे कल्पनेतलं नव्हतं. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर चार आठवडे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीच्या अर्काचा दिवसाला १५०० मिलिग्रॅमचा डोस आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाच्या १२०० मिलिग्रॅमच्या तोडीचा ठरला, आणि पोटाचा त्रास कमी झाला. अल्सर असलेल्या, वेदनाशामक न सोसणाऱ्या माणसाला हे आकर्षक वाटणारच. पण चार आठवड्यांची चाचणी वर्षभराची सुरक्षितता सांगत नाही, आणि हजारात एखाद्याला होणारी इजा ३६७ माणसांत दिसेलच असं नाही.

काकूंसाठी दुसरा रस्ता आखला. दुखऱ्या गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल. त्वचेतून रक्तात फार थोडं जातं. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम: पाठीवर झोपून, गुडघा ताठ, पाय वीतभर उचलून पाच आकडे मोजेपर्यंत धरणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. भारतीय पद्धतीच्या संडासाऐवजी कमोड किंवा खुर्ची. झोपेसाठी दुपारी चारनंतर चहा बंद. हे सगळं कॅप्सूलपेक्षा कष्टाचं आहे आणि गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात, हे आधीच स्पष्ट सांगितलं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात जुनी बाटली परत बाहेर आली असती.

काकूंच्या जागी रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणारी व्यक्ती असती तर याच कॅप्सूलने वेगळा घात केला असता. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये हळदीचं पूरक सुरू केल्यावर आयएनआर १० च्या वर गेलेल्या रुग्णाची नोंद दिली होती. पित्तखड्याच्या रुग्णात कर्क्युमिन पित्ताशय आकुंचन पावायला लावून कळ आणू शकतं. मूतखड्याची प्रवृत्ती असेल तर हळदपुडीतलं ऑक्झलेट लघवीत वाढतं. ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. मेथीचे दाणे मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसोबत घेतले तर साखर अवेळी खाली येऊ शकते. आणि कोणतंही ऑपरेशन ठरलं की अशा सगळ्या बाटल्या दोन आठवडे आधी थांबवून भूलतज्ज्ञांना दाखवाव्यात.

बाटली कशी वाचायची

डॉक्टरांनी बाटल्या फेकू दिल्या नाहीत. बॅच नंबर, लेबल आणि उरलेल्या कॅप्सूल जपून ठेवल्या, कारण वरून कळत नाही अशी भेसळही कारण असू शकते.

लेबलवर चौदा आकडी परवाना क्रमांक आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाची खूण असेल तर कायद्याने ते अन्न आहे, औषध नाही. २०१६ च्या नियमांनुसार अशा पूरकावर ते औषधी वापरासाठी नाही हे छापावं लागतं. आयुर्वेदिक औषधावर त्याचा स्वतंत्र उत्पादन परवाना असतो. त्यानंतर "चूर्ण" आहे की "अर्क" ते पाहावं. ५०० मिलिग्रॅम चूर्ण आणि ५०० मिलिग्रॅम अर्क यांत सहज वीस-तीस पटींचं अंतर असू शकतं. "९५ टक्के", "१०:१", "पायपरिनयुक्त", "उच्च शोषण" यांतलं काही दिसलं की ते स्वयंपाकघरातल्या डब्याशी जोडू नये. अनेक घटकांचं मिश्रण एकाच आकड्यात दाखवलं असेल तर ती बाटली घेऊ नये, त्रास झाला तर कशाने झाला ते कधीच कळणार नाही.

संशयित दुष्परिणाम डॉक्टरच कळवू शकतात असं नाही. राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर रुग्णही नोंद करू शकतो. काकूंच्या मुलाने फोन केला तेव्हा बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख आणि चार रिपोर्ट हाताशी होते, त्यामुळे नोंद पूर्ण झाली.

फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून दिलं: "हळदीचा अर्क व अश्वगंधा: यकृताची सूज, पुन्हा देऊ नये." काकूंनी त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे. यकृताचे आकडे सहा महिन्यांनी एकदा पुन्हा बघायचे.

राहिली कवठे महांकाळची बहीण. तिची बाटली अजून चालू होती आणि तिला काही त्रास नव्हता. जनुकीय खूण सख्ख्या भावंडांत समान असण्याची शक्यता चांगली असते, म्हणून महागडी जनुक तपासणी सांगण्याऐवजी तिला कॅप्सूल थांबवून साधी यकृताची तपासणी करायला सांगितलं. एसजीपीटी ६२ आला, मर्यादेच्या दीडपट. महिन्याने पुन्हा पाहिला तेव्हा २८ होता.